आधी बाग, मग काच

काचेची खोली कधी बांधायची, हे कंत्राटदाराने ठरवू नये, बागेने ठरवावं. इंग्लंडमध्ये घरामागे कॉन्झर्वेटरी बांधणारे बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी छपराचा नमुना पसंत करतात, मग पैशांचं जमवतात, मग कंत्राटदाराला सवड असेल तो आठवडा पक्का करतात आणि आदल्या शनिवार-रविवारी बाग ‘मोकळी’ करून टाकतात. मोकळी करणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत मी अनेकदा पाहिलंय. गुलाब बुडापासून छाटले जातात, हिरवळ खरवडली जाते, आणि दारात उभ्या केलेल्या लोखंडी स्किपमध्ये, म्हणजे राडारोडा वाहून नेणाऱ्या मोठ्या पेटीत, सगळ्यांत आधी जाते ती वरची वीतभर माती. त्या घराने इतक्या वर्षांत कमावलेली सगळ्यांत मोलाची वस्तू पैसे मोजून बाहेर फेकायची, आणि पुढच्या वर्षी दुकानातून प्लास्टिकच्या पोत्यांत माती विकत आणायची. मला हे बघवत नाही.

आमचं घर लंडनच्या वायव्येला, हॅरोत. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने १९२० आणि १९३०च्या दशकांत शेतांवर हजारो जोडघरं उठली, त्यांतलंच एक. मागची बाग नैर्ऋत्येला तोंड करून आहे. आई परभणीहून येते ती साधारण मार्चमध्ये. इथलं मार्चमधलं ऊन तिला हवंहवंसं वाटतं आणि वारा अजिबात सोसत नाही. उन्हात बसता येईल पण वारा लागणार नाही अशी जागा तिला हवी, एवढीच आमची गरज. नवऱ्याने नकाशे काढायला घेतले आणि मी बागेत उतरले.

या खोलीचा जन्म मुळात झाडांसाठी झाला, हे आज कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. थंड देशात उष्ण प्रदेशातली झाडं जगवायला श्रीमंतांनी काचघरं उभारली. जोसेफ पॅक्स्टन हा डेव्हनशायरच्या ड्यूकचा, चॅट्सवर्थ इथल्या त्याच्या हवेलीतला माळी. त्याने १८३६ ते १८४१ या काळात तिथे एक प्रचंड काचघर बांधलं आणि १८५१चा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे लंडनच्या प्रदर्शनासाठी उभारलेला काचेचा महालही त्याच्याच डोक्यातून निघाला. त्या काचघरांत लावायला झाडं आणावीत म्हणून १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला चॅट्सवर्थहून हिंदुस्थानात धाडलं होतं. खासी टेकड्यांतली ऑर्किडं घेऊन तो परतला. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, काच स्वस्त होत गेली आणि ड्यूकची हौस हळूहळू मध्यमवर्गाच्या परसात आली. झाडांसाठी बांधायची ती वास्तू आता झाडं उपटून बांधली जाते. आम्हाला ती बांधायची नव्हती असं नाही. पण बांधायची तर त्या जमिनीवर काय आहे, तिच्या पोटात काय आहे, हे आधी जाणून घ्यायचं, असं मी ठरवलं.

फोनवर आईने पहिलाच प्रश्न विचारला. “अगं, जागा काळीवर आहे की पांढरीवर?” मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न सुचणारच. गाव वसतं पांढरीवर आणि शेती होते काळीत. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. तिच्यावर उथळ पायाचं घर बांधलं की भिंती तडकल्याच म्हणून समजा. आमच्या जुन्या शाळेच्या मागच्या बाजूला बांधलेल्या दोन खोल्यांच्या भिंतीत हात जाईल एवढी फट होती. दर पावसाळ्यात ती मिटायची आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडायची.

आईला सांगितलं, की हॅरोत पांढरी नाहीच. सगळं गाव काळीवरच बसलंय, फक्त इथली काळी तपकिरी आहे. लंडन क्ले म्हणतात ती ही चिकणमाती. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी ती साचली. टेम्सच्या मुखाजवळच्या शेपी बेटावर याच मातीतून निपा पामच्या बियांचे जीवाश्म निघतात, आणि निपा पाम आज सुंदरबनात उगवतो. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची, ही समुद्राच्या गाळाची. पण फुगण्या-आक्रसण्याचा स्वभाव दोघींचा सारखा, कारण दोघींतही पाणी शोषून फुगणारी खनिजं आहेत. १९७६च्या दुष्काळी उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधली कितीतरी घरं खचली, आणि तेव्हापासून अशा मातीत पाया निदान एक मीटर तरी खोल घ्यायचा, असा दंडक पडला. १९३०च्या दशकातल्या घरांचे पाये मात्र त्याच्या निम्मेसुद्धा नसतात. म्हणजे नवी खोली खोल पायावर उभी राहणार, जुनं घर उथळ पायावर, दोन्ही वेगवेगळ्या चालीने हलणार, आणि तडा जाणार तो नेमका दोहोंच्या सांध्यात. कॉन्झर्वेटरीचा पाया स्वस्तात उरकला तर हेच उलट्या बाजूने होतं आणि काचेची खोली घरापासून सुटून बाहेर कलायला लागते.

जमीन वाचायला उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही. ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, तेव्हा गवत आपोआप सगळं सांगतं. माती जाड असेल तिथे हिरवं राहतं, खाली काही दडलं असेल तिथे आधी पिवळं पडतं. आमच्या हिरवळीत घरापासून जरा अंतरावर एक स्वच्छ आयत पिवळा पडला होता, पलंगाएवढा. कडा इतक्या सरळ की ते निसर्गाचं काम असणं शक्यच नव्हतं.

शेजारच्या आजी नव्वदीला टेकल्यात. त्याच घरात वाढल्या, तिथेच राहिल्या. कुंपणापलीकडून पाहिल्याबरोबर म्हणाल्या, की तो आमचा अँडरसन. अँडरसन शेल्टर म्हणजे महायुद्धातला परसातला निवारा. नागमोडी पत्र्याचे वाकवलेले तक्ते, सव्वा मीटरच्या आसपास खोल खड्ड्यात रोवलेले, वर मातीचा ढीग. साधारण दोन मीटर लांब आणि दीड मीटरहून थोडा अरुंद, आणि त्यात सहा माणसांनी रात्र काढायची. १९३९च्या फेब्रुवारीपासून सरकारने ते वाटायला सुरुवात केली. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी मिळकत असलेल्यांना फुकट, बाकीच्यांना ७ पौंडांना. युद्धाला तोंड फुटेपर्यंत पंधरा लाख वाटून झाले होते. आजींच्या वडिलांनी आणि आमच्या घरातल्या तेव्हाच्या बिऱ्हाडाने मिळून तो एकच खोदला होता. आतली माती हिवाळ्यात कायम ओली असायची आणि त्यांची आई तिथे चहाची किटली घेऊन जायची, एवढं त्यांना आठवतं.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिथे चाचणीचा खड्डा घेतला. वर गडद, भुसभुशीत माती, गांडुळांनी चाळून ठेवलेली. तिच्यात कोळशाची राख, निळ्या नक्षीच्या कपबशांची खापरं, मातीच्या चिलमीची एक नळी. त्याखाली सरमिसळ भराव, विटांचे तुकडे, आणि मग गंजून पापुद्रे सुटलेला नागमोडी पत्रा. बाजूला दुसरा खड्डा घेतला तिथे भराव नव्हता, वीतभर काळसर मातीखाली थेट चिकणमाती लागली. तांबूस-तपकिरी, जुन्या मुळांच्या वाटांवर राखाडी छटा. तळहातावर घेऊन वळली तर आजीच्या हातच्या शेवईसारखी न तुटता वळत गेली. अशी वळते ती माती पाण्याच्या येण्या-जाण्याने हलणारच.

त्या पिवळ्या आयताचा एक कोपरा खोलीच्या हद्दीत येत होता. भरावावर पाया टेकवता येत नाही, तो हात न लागलेल्या मातीपर्यंत खाली न्यावा लागतो. हे सप्टेंबरमध्ये कळलं म्हणून इंजिनिअरच्या नकाशात आलं. काँक्रीटचा ट्रक दारात उभा असताना कळलं असतं, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात उरकते, कारण ते कुठेही वाचायला मिळतं. इंग्लंडमध्ये जोडघराच्या मागे तीन मीटरपर्यंत एकमजली बांधकामाला सहसा नियोजनाची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मूळ घराभोवतीची निम्म्याहून जास्त जमीन झाकायची नाही. ३० चौरस मीटरच्या आतली आणि घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दारा-भिंतींनी वेगळी ठेवलेली कॉन्झर्वेटरी इमारत नियमांतूनही बरीचशी सुटते. या सुटीमुळेच लोक निर्धास्त होतात आणि दोन गोष्टी विसरतात. एक, सांडपाण्याचा नळ. आमच्या गल्लीत दोन-दोन घरांचा मिळून एक नळ मागच्या बागांमधून जातो. असे सामायिक नळ १ ऑक्टोबर २०११ पासून पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या तीन मीटरच्या आत बांधायचं तर आधी कंपनीची संमती लागते. नळात कॅमेरा सोडून पाहिला, तेव्हा एका जोडात सफरचंदाची मुळं शिरलेली दिसली. दुसरी गोष्ट, १९९६चा पार्टी वॉल, म्हणजे सामायिक भिंतीचा कायदा. शेजाऱ्याच्या घराच्या तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं, तर महिनाभर आधी लेखी नोटीस द्यायची. आजींच्या घरी ती नोटीस टपालाने पाठवायला माझं मन होईना. केक केला, नकाशा घेतला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कुठे, किती खोल, कधी ते सगळं सांगितलं. त्यांना चिंता होती ती भिंतीची नव्हती, कुंपणालगतच्या त्यांच्या हेलेबोरच्या फुलझाडांची होती. चर कुंपणापासून किती लांब जाणार ते बघायला त्या काठी टेकत बाहेर आल्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचं काम. झाडं हलवायचा इथला काळ ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. पानं गळलेली, झाड झोपलेलं, जमिनीत अजून थोडी ऊब, अशा वेळी मूळ दुखावलं तरी झाड सावरतं. म्हणून वसंतात बांधायचं असेल तर बागेचं काम आदल्या शरद ऋतूत संपायला हवं. मी सगळ्यांत आधी कागदावर बाग उतरवून घेतली, कारण हिवाळ्यात बऱ्याच गोष्टी जमिनीवर दिसतच नाहीत. स्नोड्रॉपचे कंद कुठे, डॅफोडिल कुठे, हे एप्रिलमध्ये खुणा करून ठेवलं नाही तर नोव्हेंबरमध्ये फावड्याखाली दोन तुकडे झाल्यावरच कळतं.

पिओनी या फुलझाडाने मला सगळ्यांत जास्त वेळ घ्यायला लावला. आधीच्या बिऱ्हाडाच्याही आधीची ती, बुंधा चांगला रुंदावलेला. बागेच्या काट्याने लांबून, चारही बाजूंनी उचलत आणलं तेव्हा रताळ्यासारखी जाड, तपकिरी मुळं एकमेकांत गुंतलेली निघाली आणि वर पुढच्या वर्षीचे डोळे, गुलाबी, टोकदार, ओले. प्रत्येक वाट्याला तीन ते पाच डोळे येतील अशी धारदार सुरीने वाटणी केली. पिओनीला पुन्हा लावताना डोळे मातीखाली इंचभरच ठेवायचे. खोल गेले की पानं भरपूर येतात आणि फूल एकही येत नाही. शिवाय जागा बदलली की एखाद-दोन वर्षं ती रुसतेच. खोली तयार झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पिओनी फुलणार नाही, हे मी घरात आधीच सांगून ठेवलंय.

गुलाब गुडघ्याएवढे छाटून, मुळांभोवती मातीचा गोळा राखून, ओल्या गोणपाटात बांधून हलवले. गुलाबाच्या जुन्या जागी नवा गुलाब नीट धरत नाही, म्हणून त्यांना कधीच गुलाब नव्हता अशा कोपऱ्यात नेलं. हिरवळीच्या दोन इंच जाडीच्या पट्ट्या कापल्या आणि गवताची बाजू खाली करून शेडमागे रचल्या. वर काळं प्लास्टिक. वर्षभरात गवत कुजतं आणि उरतो तो असा पोयटा, की विकत मिळणाऱ्या कुठल्याही मातीने त्याच्यापुढे मान खाली घालावी.

आणि मग ती वीतभर माती. वरची आणि खालची माती कधी एकत्र होऊ द्यायची नाही, हा पहिला नियम. वरची जिवंत, खालची चिकण. एकदा मिसळली की वर्षानुवर्षं निवडता येत नाही. दुसरा नियम मी परभणीहून घेऊन आलेय. वापसा आल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. ओल्या चिकणमातीत पाय पडला की ती दाबली जाते, हवेची वाट बुजते आणि वाळल्यावर तिची वीट होते. आपल्याकडे पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून बघतो, ती सुटली तर औत घालतो, नाही तर थांबतो. इथला कंत्राटदार फेब्रुवारीत सुरू करायचं म्हणत होता, कारण तेव्हा त्याच्याकडे कामं कमी असतात. फेब्रुवारीत हॅरोची जमीन म्हणजे नुसता राडा असतो. यंत्र एकदा फिरलं की खोलीबाहेरची बागसुद्धा गेली. त्याला एप्रिल अखेरवर आणायला बरंच बोलावं लागलं. तो मूळचा जालंधरचा. “खेत में पानी खड़ा हो तो ट्रॅक्टर उतारोगे?” असं विचारल्यावर हसला आणि वहीत तारीख खोडली.

अर्थात एप्रिलची आपली अडचण आहेच. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, आणि १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे. म्हणून खोलीच्या आड येणारं प्रिव्हेट झुडपांचं कुंपण फेब्रुवारीतच काढलं. तेही तळाशी हेजहॉग, म्हणजे इथला छोटा काटेरी प्राणी, झोपलेला नाही ना, हे पाचोळा हाताने बाजूला करून पाहिल्यावर. नव्या कुंपणात तळाला त्याच्यासाठी १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवणार आहोत. आजींकडच्या कुंपणातही.

नवऱ्याशी खरी ओढाताण झाली ती सफरचंदावरून. ब्रॅमली जातीच्या सफरचंदाचं जुनं झाड, घरापासून सहा मीटरवर. बुंधा तीस सेंटिमीटर जाड. झाडाच्या बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत मुळांना धक्का लावू नये, असा इथला मानक आहे. म्हणजे तीन मीटर साठ. तीन मीटरची खोली काढली तर चर थेट मुळांतून जातो. झाड पाडावं, तर त्याने इतकी वर्षं ओढून घेतलेलं पाणी मातीत परत भरत जातं, माती फुगते आणि नवा पाया वर उचलला जाण्याची भीती. हे फुगणं पुढे काही वर्षं चालू राहू शकतं. मी म्हटलं, खोली दोन मीटर चाळीसची करू. नवरा म्हणाला, साठ सेंटिमीटर म्हणजे एक अख्खी आरामखुर्ची गेली. खरंच गेली. पण त्या झाडाची सावली जुलै-ऑगस्टच्या दुपारी नैर्ऋत्येच्या काचेवर पडते. ती नसेल तर त्या खोलीत बसणं अशक्य होईल, हे त्याने पट्टी धरून सूर्याचे कोन मोजल्यावर त्यालाच पटलं. खोली दोन मीटर चाळीसची ठरली. झाड ठेवायचं म्हणून इंजिनिअरने पाया सव्वा मीटरहून खोल मागितला, तो खर्च आम्ही मान्य केला.

तरीही मुळांजवळ काम होणार, झाडाला काही झालं तर? म्हणून जानेवारीत त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापल्या आणि ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. जगातला प्रत्येक ब्रॅमली हा नॉटिंगहॅमशायरमधल्या साऊथवेलला १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बीच्या झाडाचा वंशज आहे, आणि तो केवळ कलमाने वाढवला जातो, आपल्या हापूससारखाच. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून निघालेला एम-२६ हा ठेंगणा खुंट मागवलाय. मार्चमध्ये त्यावर पाचर कलम बांधायचं. एक आमच्यासाठी, एक आजींच्या नातवासाठी.

बांधकामाच्या करारात मी माझी कलमं घातली आहेत. वरची माती आवाराबाहेर जाणार नाही. स्किपमध्ये फक्त चिकणमाती आणि राडारोडा. चरातून निघणारी चिकणमाती सुटी झाली की निदान पाव पटीने फुगते, तेव्हा सहा यार्डांचा, म्हणजे साडेचार घनमीटरचा एक स्किप पुरणार नाही, दोन धरायचे. घराच्या लाकडी फरशीखाली हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीच्या विटा नव्या जोत्याखालून नळ्या टाकून बाहेर काढायच्या, बुजवायच्या नाहीत. बागेची पातळी घराच्या ओलरोधक थराच्या १५ सेंटिमीटर खाली राहील. छपराचं पाणी आधी पिंपांत, आणि शोषखड्डा घेतलाच तर इमारतीपासून पाच मीटर दूर. आम्ही भोक पाडून पाणी ओतून पाहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशीही तसंच उभं होतं, त्यामुळे बहुधा पिंपंच. सफरचंदाभोवती कुंपण घालून त्याच्या आत विटा, वाळू, सिमेंट काहीही ठेवायचं नाही, गाडा फिरेल तिथे फळ्या अंथरायच्या.

कंत्राटदाराने सगळं मान्य केलं. फळ्यांचे पैसे वेगळे लागतील म्हणाला. दिले.